मुलीला न्यूरोसर्जन व्हायचंय. नेमकी किती वर्षं लागतात आणि काम कसं असतं?

एसटीवाला_जुळेसोलापूर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी एसटीत वाहक आहे, सत्तावीस वर्षं झाली. मुलगी इथल्याच सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाली, आता इंटर्नशिप चालू आहे. गेल्या महिन्यात तिची ड्युटी सर्जरीला होती. रात्री अपघाताचा पेशंट आला, डोक्याचं ऑपरेशन झालं आणि हिला शेजारी उभं राहून बघायला मिळालं. सकाळी घरी आली ती बूट काढायच्या आधीच म्हणाली, "पप्पा, मला हेच करायचंय."

आमच्या घरात डॉक्टर म्हणजे हीच पहिली. नातेवाईक म्हणतात, स्त्रीरोग घे, डोळ्याचं घे, मुलीच्या जातीला ते बरं. मेंदूचं कशाला, जन्म जाईल शिकण्यात. तिची आई लग्नाच्या काळजीत आहे. मला तिला अडवायचं नाही, पण होकार देताना आपण कशाला होकार देतोय ते बापाला कळायला हवं. किती वर्षं, किती खर्च, आणि हे डॉक्टर रोज नेमकं करतात काय? ज्यांना ठाऊक आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

सर्जरी_रेसिडेंट यांचं उत्तर

काका, हिशोब असा. एमबीबीएसची साडेपाच वर्षं (इंटर्नशिप धरून) तिची होत आली. आता नीट-पीजी, म्हणजे एमबीबीएसच्या पुढच्या शिक्षणाची प्रवेश परीक्षा. त्यातून एमएस जनरल सर्जरी ३ वर्षं, मग नीट-एसएस ही त्यापुढची प्रवेश परीक्षा देऊन एमसीएच न्यूरोसर्जरी (मेंदूच्या शस्त्रक्रियेची सुपरस्पेशालिटी पदवी) आणखी ३ वर्षं. दुसरा रस्ता म्हणजे एमबीबीएसनंतर थेट ६ वर्षांचा डीआरएनबी न्यूरोसर्जरी, म्हणजे राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा अभ्यासक्रम. दिल्लीचं एम्स, बेंगळुरूचं निम्हान्स अशा राष्ट्रीय संस्थांतही थेट ६ वर्षांचा एमसीएच आहे, त्यांची प्रवेश परीक्षा वेगळी.

सरकारी कॉलेजात शिकलात तर बाँडची सेवा, म्हणजे शिकून झाल्यावर ठरावीक काळ सरकारी नोकरी, धरावी लागते. हे नियम बदलत राहतात, त्या वर्षीचं माहितीपत्रक नीट वाचा. खर्चाची फार धास्ती घेऊ नका. सरकारी जागा मिळाली तर फी झेपण्यासारखी असते आणि रेसिडेंटला, म्हणजे शिकता शिकता वॉर्डात काम करणाऱ्या डॉक्टरला, दरमहा विद्यावेतन मिळतं. म्हणजे एमएसला लागल्यापासून ती स्वतःचं भागवेल, घरीही पाठवेल.

एकच सांगतो. थेट सहा वर्षांचा रस्ता घेताना मन पक्कं हवं. एक ऑपरेशन बघून भारावून जाणं वेगळं. एमएसच्या तीन वर्षांत माझ्याच दोन मित्रांचं मन बदललं.

---

मेंदूचा_डॉक्टर_सोलापूर यांचं उत्तर

दादा, वर्षांचा हिशोब वर बरोबर मांडलाय, तो पुन्हा करत नाही. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, की आम्ही रोज नेमकं करतो काय. लांबेल, पण तुम्ही सविस्तर मागितलंय.

मी सोलापूरचाच. पूर्व भागात वाढलो. घरी तेलुगू, शाळेत मराठी. वडील यंत्रमागावर होते, आई विड्या वळायची. दिवसाला हजार विड्या म्हणजे हजार वेळा दोरा गुंडाळायचा. शाळेतून आलो की तिच्या सुपासमोर बसून मी दोरे बांधू लागायचो. पुढं मुंबईत सर आम्हाला एका हातानं गाठ मारायला शिकवत होते, तेव्हा माझी बोटं आधीच तयार होती. सरांनी विचारलं, कुठं शिकलास? मी म्हटलं, आईकडं.

एमसीएचच्या पहिल्या वर्षी मेंदूला हात लावायला मिळत नाही. पहाटे पाचला वॉर्डात जायचं. प्रत्येक पेशंटच्या डोळ्यांच्या बाहुल्या टॉर्चनं बघायच्या, डोक्यातल्या नळीतून रात्रभरात किती पाणी आलं ते मोजायचं, नळीची बाटली ठरलेल्या उंचीवरच आहे ना ते बघायचं, आणि जीसीएस, म्हणजे पेशंट किती शुद्धीवर आहे त्याचे मार्क, लिहायचा. मुलीला विचारा, ती सांगेल. ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी १९७४ मध्ये काढलेली ही पद्धत. डोळे उघडण्याचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६, असे १५ पैकी मार्क. सगळ्यात कमी ३. सकाळी तेराचा पेशंट दुपारी अकरावर आला तर धावायचं. कवटी हा बंद डबा आहे. आत रक्त साचलं, सूज वाढली, तर मेंदूला सरकायला जागा नसते. ते दोन मार्क म्हणजे मेंदू आतून दाबला जातोय याची खबर. मशीनच्या आधी ही खबर पेशंटच्या उशाशी उभ्या असलेल्या माणसाला लागते. म्हणून पहिलं वर्षभर आम्हाला तिथंच उभं करतात.

ऑपरेशनला काम काय, तर केस काढणं, डोकं क्लॅम्पमध्ये बसवणं, कातडी उघडणं, शेवटी टाके घालून बंद करणं. मधलं सगळं सर करणार. मग हळूहळू कवटीला भोक पाडायला मिळतं, मग हाडाचा तुकडा उचलायला, मग मेंदूवरचं आवरण उघडायला. मायक्रोस्कोपखाली एकट्यानं काम करायला मिळेपर्यंत तिसरं वर्ष अर्धं सरलेलं असतं. एमसीएचनंतरही पुष्कळजण मणका, लहान मुलं, रक्तवाहिन्या असा एखादा विषय धरून आणखी वर्षभर फेलोशिप करतात.

तुमच्या मुलीनं जे बघितलं ते बहुधा असं असेल. मी माझी केस सांगतो. गड्ड्याच्या जत्रेचे दिवस होते. बारा वर्षांचा मुलगा, मोहोळकडचा, गच्चीवरून पडलेला. पडल्यावर रडला, उठला, पाणी प्याला, घरी चालत गेला. तासाभरानं उलटी झाली आणि म्हणायला लागला, झोप येतेय. घरच्यांनी झोपवलं नाही, गाडीत घातलं, इथंच ते जिंकले. मी बघितला तेव्हा उजवी बाहुली मोठी व्हायला लागली होती. सीटीत कवटी आणि मेंदूच्या आवरणामध्ये रक्ताची गाठ, भिंगाच्या आकाराची. कानशिलाजवळ हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक धमनी जाते. हाड तडकलं की ती फाटते.

हाडाचा तुकडा उचलला. खाली काळीभोर, थलथलीत गाठ होती, पिकलेल्या जांभळाचा गर दाबून बसवावा तशी. ती काढत गेलो. खालचं आवरण आत दबून निपचित पडलेलं होतं. धमनी बांधली, सलाईननं धुतलं आणि थांबलो. दोन-तीन मिनिटांत ते आवरण हळूच वर आलं आणि नाडीबरोबर हलायला लागलं. पंचवीस वर्षं झाली, हे दृश्य मला जुनं झालेलं नाही. आठवड्यानं पोरगा चालत घरी गेला.

हे बघितलं की कुणालाही वाटणार, मला हेच करायचंय. मलाही तसंच वाटलं होतं. पण दादा, हे हाताचं काम आहे, आणि सहा वर्षांत हात शिकतात. जे मला कुणी शिकवलं नाही ते ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेरचं. तेच सांगायला एवढं लिहायला बसलोय.

मुंबईहून परत आलो त्याला वर्षही झालं नव्हतं. सव्वीस वर्षांचा मुलगा आला, मोटारसायकल घसरलेली, हेल्मेट नाही, जीसीएस ६. मेंदूच्या अगदी पृष्ठभागावर रक्त आणि खाली मेंदूलाच मार. रात्री दोनला ऑपरेशन केलं. मेंदू इतका सुजलेला की हाड परत बसवता येईना, म्हणून ते पोटाच्या कातडीखाली ठेवलं. तिथं ते सुरक्षित राहतं, सूज उतरली की काही आठवड्यांनी पुन्हा डोक्याला बसवायचं. रक्तस्राव थांबला, दाब उतरला, पेशंट टेबलावर टिकला. मी बाहेर आलो. पंधरा माणसं उभी होती. मी दमलेलो होतो आणि आनंदातही होतो. म्हटलं, "ऑपरेशन यशस्वी झालं."

सकाळी त्याच्या आईनं सिद्धेश्वराला जाऊन नारळ फोडला. वडिलांनी वॉर्डात पेढे वाटले, मलाही एक दिला, मी खाल्ला.

चाळीस दिवसांनीही मुलगा डोळे उघडून छताकडं बघत होता. ओळख नाही, शब्द नाही. एक दिवस वडील माझ्या खोलीत आले. चिडले नव्हते. खुर्चीत बसले नाहीत, उभ्यानंच विचारलं, "डॉक्टर, यशस्वी म्हणजे काय झालं ओ?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. माझ्या लेखी यशस्वी म्हणजे रक्त निघालं आणि तो टेबलावर दगावला नाही. त्यांच्या लेखी यशस्वी म्हणजे पोरगा उठेल, कामाला जाईल, लग्न होईल. तो एक शब्द मी न तपासता टाकला आणि त्या घरानं त्यावर चाळीस दिवस काढले. त्या चाळीस दिवसांत त्यांनी काय ठरवलं असतं, कुणाला बोलावलं असतं, किती कर्ज काढलं नसतं, ते मी त्यांच्याकडून काढून घेतलं. सीटी पहिल्या रात्रीच माझ्या हातात होता. मला अंदाज होता. मी बोललो नाही.

तेव्हापासून तो शब्द मी वापरत नाही. बाहेर आलो की आधी बसतो आणि त्यांनाही बसवतो. मग सांगतो: रक्त काढलं. मेंदूवरचा दाब कमी झाला. जीव वाचायची शक्यता आता कालच्यापेक्षा जास्त आहे. तो बोलेल का, ओळखेल का, हे आज सांगता येत नाही. मेंदूला लागलेला मार ऑपरेशननं भरून निघत नाही. पुढचे तीन दिवस आपण सूज बघणार. एवढं बोलून गप्प बसतो. पहिला प्रश्न त्यांच्याकडून यायला वेळ लागतो, तो वेळ द्यायचा.

आणि वही. आयसीयूतल्या प्रत्येक घराला मी शंभर पानी वही देतो, शाळेची साधी. सकाळी अकराला आणि संध्याकाळी सहाला मी स्वतः घरच्या ठरलेल्या एका माणसाशी बोलतो आणि त्याच्यासमोर वहीत चार ओळी लिहितो: आज काय दिसलं, काय केलं, काय बदललं, उद्या काय बघणार. मराठीत, मोठ्या अक्षरात. उरलेल्या पानावर त्यांचे प्रश्न. रात्री गावाकडून चुलते येतात, मामा येतात, प्रत्येकाला वेगळं ऐकू गेलेलं असतं आणि त्यातून भांडणं होतात. वही असली की सगळ्यांना एकच ऐकू जातं. एका वहीत पेशंटच्या धाकट्या बहिणीनं लिहिलं होतं, "दादाला थंडी वाजते का?" मी सिस्टरना सांगून पांघरूण बदलून घेतलं आणि वहीत तसं लिहिलं. हा प्रश्न तोंडी कुणी मला विचारला नसता.

भाषेचंही सांगतो. आपल्याकडं मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चारही भाषांतली माणसं येतात. लातूर-धाराशिवची येतात, विजयपूर-कलबुर्गीची येतात. आजी मराठीत मान हलवते, पण तिला कळलंय का ते तिच्या भाषेत विचारल्याशिवाय समजत नाही. कन्नड मी पस्तिशीत शिकलो, एका वॉर्डबॉयकडून. तुमच्या मुलीला ही शिदोरी इथं आपोआप मिळतेय, ती तिनं सोडू नये.

ऑपरेशन करायचं नाही हे ठरवणं सगळ्यात अवघड. ऐंशीच्या पुढचे गृहस्थ, मेंदूत खोलवर मोठा रक्तस्राव, दोन्ही बाहुल्या मोठ्या. घरचे हात जोडतात, डॉक्टर काहीतरी करा. तांत्रिकदृष्ट्या रक्त काढता येतं. पण मी आधी विचारतो, आजोबांचा दिवस कसा जायचा? काय आवडायचं? एकदा मुलगा म्हणाला, "शेतात गेल्याशिवाय जेवायचे नाहीत." त्या वाक्यापासून बोलणं सुरू झालं आणि तासाभरानं त्यांनीच ठरवलं की नळ्या नकोत. आणि मेंदू मृत झाला तर तेही सांगावं लागतं. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्याप्रमाणं सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी होते. छाती वरखाली होत असते, अंग गरम असतं, आणि आपण सांगायचं की माणूस गेला. ज्या घराशी पहिल्या रात्रीपासून खरं बोललोय, तेच घर त्या वेळी विश्वास ठेवतं.

सोलापुरात राहून काम कमी पडेल का, याची चिंता करू नका. अपघात, मणका, म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यातलं साचलेलं रक्त, मुलांच्या डोक्यातलं पाणी, यातच दिवस जातो. पुणं अडीचशे किलोमीटर. डोक्यात गाठ वाढत असताना ते अंतर फार मोठं असतं. मात्र जे ऑपरेशन मला वर्षातून दोनदाच करायला मिळतं ते मी इथं करत नाही, जिथं ते दर आठवड्याला होतं तिथं पाठवतो. यात कमीपणा मानायचा नाही.

मुलीच्या जातीचं म्हणाल तर, देशातल्या पहिल्या महिला न्यूरोसर्जन टी. एस. कनका १९६८ मध्ये मद्रासला एमसीएच झाल्या. तो प्रश्न तेव्हाच मिटला. पण वहिनींची काळजी खोटी नाही. चोविसाव्या ते तिसाव्या वर्षात रेसिडेन्सी असते, घरी फोन करायलाही वेळ नसतो. लग्न करायचं तर हे पुरतं कळलेल्या माणसाशी करावं, आणि ते आधी बोलून घ्यावं. माझ्याबरोबरची एक रेसिडेंट तिसऱ्या वर्षात आई झाली, सहा महिने मागं पडली, आज उत्तम काम करते. तिच्या सासूनं मूल सांभाळलं. असं पाठीशी कुणी लागतं, मुलगा असला तरी लागतंच.

---

अक्कलकोटची_नात यांचं उत्तर

डॉक्टर नाही, पेशंटकडची आहे. आमचे आजोबा न्हाणीत घसरले, डोक्याला खोकसुद्धा पडली नाही. महिन्या-दीड महिन्यानं विसरायला लागले, मला आत्याच्या नावानं हाक मारायला लागले, डावा पाय ओढत चालायला लागले. सगळे म्हणाले, वय झालं. सोलापूरला नेलं तर डॉक्टरांनी कागद घेऊन कवटीचं चित्र काढून दाखवलं, मेंदूच्या वर रक्त कसं साचतं, हळूहळू कसं वाढतं. दोन भोकं पाडून काढलं. जुन्या इंजिन ऑइलसारखं निघालं म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत गेले तर म्हणाले, "तू कॉलेज बुडवून आलीस का?" माझ्या नावानं हाक मारून.

काका, त्या डॉक्टरांनी काढलेलं ते चित्र अजून आमच्या देवघरातल्या डब्यात आहे. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत बसल्यामुळं पैशाचाही भार आला नाही. तुमची मुलगी होऊ दे डॉक्टर.

---

एसटीवाला_जुळेसोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेब, तुमचं उत्तर मी रात्री मुलीला आणि तिच्या आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. पेढ्याच्या ओळीला मी थांबलो. आमच्या मंडळींनी पुढचं वाचलं. तिची आई अजून हो म्हणालेली नाही, पण "सासू चांगली बघायला लागेल" एवढं म्हणाली.

मुलीचा एक प्रश्न आहे, तिला विचारायचा संकोच वाटतोय म्हणून मी विचारतो. टाके घालताना तिचा हात थोडा थरथरतो. म्हणते, असा हात घेऊन मेंदूचं काम कसं करायचं? हे जन्मजात असतं का?

---

मेंदूचा_डॉक्टर_सोलापूर

थोडा कंप प्रत्येकाच्या हातात असतो, माझ्याही आहे. मायक्रोस्कोपखाली तो मोठा दिसतो म्हणून पहिल्यांदा सगळेच घाबरतात. अधांतरी हातानं आम्ही कुणी काम करत नाही. मनगट आणि कोपर टेकवायचं, त्यासाठी हाताला आधार देणारी खुर्ची असते. हालचाल फक्त बोटांची. उपाशी उभं राहायचं नाही, त्या दिवशी चहा कमी. इंटर्नच्या हाताला निम्मा कंप भीतीचा असतो, तो टाक्यांच्या संख्येनं जातो.

घरी सराव करायचा असेल तर चिकनच्या दुकानातून पंख आणावेत. त्यातली शीर साधारण एक मिलिमीटर जाडीची असते. ती मोकळी करायची, कापायची आणि परत जोडायची. आम्ही दहा-शून्य नायलॉननं करायचो, तो दोरा नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतो. तिनं आधी भिंग लावून जाड दोऱ्यानं सुरुवात करावी. जोडून झाली की सिरिंजनं रंगीत पाणी सोडून बघायचं, गळतंय का. पहिले वीस-पंचवीस गळतील. दोरा आणि जुनी बारीक हत्यारं माझ्याकडं पडून आहेत. नंबर तुम्हाला खासगी निरोपात पाठवतो. रविवारी सकाळी राउंडनंतर तिला पाठवा, तुम्हीही या.